‘क्वांटम ऑफ सोलेस’च्या मराठी सबटायटलचे काम: नोंदी

२ जून २०२५

लातूरच्या आमच्या चित्रपट मंडळाने पावसाळी सत्रात एखादा हेरपट दाखवायचे ठरवले आणि निवडीसह मराठी सबटायटलची जबाबदारी माझ्यावर टाकली. सभासदांपैकी निम्म्याहून अधिक लोक इंग्रजी संवाद, विशेषतः पुटपुटलेले संवाद, कानाने पकडू शकत नाहीत. त्यामुळे मराठी ओळी नसतील तर खेळ लावण्यात अर्थ नाही. प्रदर्शनाची परवानगी रीतसर घेऊन झाली आहे. मी २००८ सालचा ‘क्वांटम ऑफ सोलेस’ सुचवला तेव्हा बैठकीत बरीच कुरकुर झाली. जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेतला हा बाविसावा चित्रपट. डॅनिएल क्रेग यांचा त्या भूमिकेतला हा दुसरा, आणि १०६ मिनिटांचा हा चित्रपट मालिकेतला सर्वांत आखूड आहे. ज्यांनी तो पाहिला होता त्यांचे आक्षेप ठरलेले होते: मारामारीत कोण कोणाला मारतो ते कळत नाही, खलनायक मिळमिळीत आहे आणि २००६ च्या ‘कसिनो रोयाल’ची याला सर नाही. तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही गेल्या काही वर्षांत मी हाच चित्रपट सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे, आणि का पाहिला हे या कामातून स्वतःलाही नीट कळेल अशी आशा आहे.

कामाचे नियम लिहून ठेवतो. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरे, आणि कोणतीही ओळ पडद्यावर सात सेकंदांहून जास्त ठेवायची नाही. आपल्या प्रेक्षकांत साठीच्या पुढचे बरेच असल्यामुळे एक सेकंदाहून आखूड ओळ शक्यतो टाळायची. मंडळातील निवृत्त मराठी शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळेच ‘बाई’ म्हणतो, प्रत्येक ओळ तपासणार आहेत.

५ जून

सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग पूर्ण झाला, असे म्हणायचे ते केवळ उपचार म्हणून, कारण त्यात मला लिहिण्यासारखे काहीच नव्हते. इटलीतल्या गार्दा सरोवराच्या काठचा रस्ता, बोगदे, मागे लागलेल्या काळ्या गाड्या आणि दार उखडलेली अ‍ॅस्टन मार्टिन. बाँडचे पहिले वाक्य येते ते सगळे शांत झाल्यावर, गाडीची डिकी उघडून आतल्या जखमी मिस्टर व्हाइटला उद्देशून: “चला, उतरायची वेळ झाली.” आधीच्या चित्रपटाच्या शेवटी बाँडने ज्याच्या पायात गोळी घातली होती तोच हा माणूस. म्हणजे दोन चित्रपटांच्या कथांमध्ये जेमतेम तासाभराचे अंतर आहे. बाँड मालिकेत असा थेट पुढचा भाग त्यापूर्वी कधी झाला नव्हता. ज्याने आधीचा पाहिलेला नाही त्याला या डिकीतल्या माणसाचे काहीच वाटणार नाही. हा दोष चित्रपटाचाच आहे. तो सबटायटलमध्ये भरून काढता येत नाही. म्हणून खेळाआधी वाटायचे एक पानी टिपण मी लिहावे असे ठरले.

पाठलाग मी आज फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिला. पाठलाग-मारामारी टिपणाऱ्या दुसऱ्या युनिटचे दिग्दर्शन डॅन ब्रॅडली यांनी केले होते. त्यांनी बॉर्न या हेरपटांच्या मालिकेत असेच काम केले होते आणि तिचा वास इथे लपत नाही. थांबवून पाहिले तर चित्रे कच्ची नाहीत. ट्रकखाली शिरणारी गाडी, काचेवर उडालेला चुरा, गिअर बदलणारा हात, सगळे नीट टिपलेले आहे. मात्र डोळा एका चित्रावर स्थिरावण्याआधीच पुढचे चित्र येते, आणि कोणती गाडी पुढे आहे व दरी कोणत्या बाजूला आहे हे कळायला हवे तेच कळत नाही. चांगल्या स्वयंपाकिणीने उत्तम रांधून ताट समोर ठेवावे आणि पहिला घास उचलायच्या आत ते उचलून न्यावे, तसे हे झाले आहे.

९ जून

सिएनाचा भाग. मिस्टर व्हाइटची चौकशी जमिनीखालच्या खोलीत चालू आहे, वर चौकात पालिओची घोडदौड सुरू आहे, आणि व्हाइट हसत हसत सांगतो की आमची माणसे सगळीकडे आहेत. तेवढ्यात बाँडची वरिष्ठ, म्हणजे ब्रिटिश हेरखात्याची प्रमुख एम, तिचा स्वतःचा अंगरक्षक मिचेल बंदूक काढतो. पालिओची गर्दी खरी आहे. मुख्य चित्रीकरण सुरू होण्याआधीच, ऑगस्ट २००७ च्या शर्यतीत ती टिपून ठेवली होती.

पुढे लंडनमध्ये एम या वाक्यावर चिडते. जूडी डेंच यांचा तो फटका मराठीत आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या. “‘आमची माणसं सगळीकडे आहेत’ असं ऐकलं की ती अतिशयोक्ती वाटते. फुलवालेसुद्धा तसं म्हणतात.” बाईंनी विचारले की आपल्याकडे फुलवाला असे कुठे म्हणतो, आपल्याकडे बदल्यांचे काम करून देणारा दलाल असे म्हणतो. शेरा अचूक होता, पण फुलवालाच ठेवला. गंमत त्या क्षुल्लकपणातच आहे, आणि दलाल म्हटले की आपला प्रेक्षक लातूरच्या कचेरीत जाऊन पोहोचेल.

१२ जून

तू आणि तुम्ही यांचा प्रश्न आज निकालात काढला. इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही, मराठीला मात्र पहिल्याच ओळीपासून पडतो, आणि एकदा चुकला की दोन माणसांमधले सगळे नाते चुकते. एम बाँडला ‘तू’ म्हणेल, बाँड तिला ‘तुम्ही’ आणि ‘मॅडम’ म्हणेल. त्यात वाद झाला नाही. सीआयएचा फेलिक्स लायटर आणि बाँड एकमेकांना ‘तू’ म्हणतील. मातीस हा बाँडचा जुना सहकारी, वयाने मोठा, इटलीत राहणारा, आणि आधीच्या भागात बाँडने संशयावरून त्याला पकडून दिलेले. बाँड त्याच्या तालामोनेच्या घरी मदत मागायला जातो तेव्हा ‘तुम्ही’च हवे, कारण अपराधी माणूस मानाने बोलतो. मातीस मात्र त्याला ‘तू’ म्हणेल.

खरी अडचण कमीलची. ओल्गा कुरिलेन्को यांची ही भूमिका बाँडच्या नायिकांच्या रांगेत वेगळी बसते, कारण ही दोघे एकत्र झोपत नाहीत. दोघांनाही कोणाचा तरी सूड घ्यायचा आहे, आणि योगायोगाने त्यांची वाट एक झाली आहे. मी दोघांना ‘तुम्ही’वर ठेवले. बाईंचे म्हणणे असे की पहिल्याच भेटीत जिथे बंदूक निघाली अशी माणसे इतकी अदब कशाला पाळतील. मी म्हटले की बंदूक रोखलेली असतानाच अदब शोभते. शेवटी असे ठरले की आगीच्या प्रसंगापर्यंत ‘तुम्ही’ आणि तिथे एकदाच ‘तू’. त्यानंतर परत ‘तुम्ही’ होणार नाही.

१५ जून

आज ओळींची यादी काढली आणि एक गोष्ट नजरेत भरली. चित्रपटाच्या मधल्या भागात बोलणे फार कमी आहे, आणि जे आहे ते तुटक आहे. याचे एक कारण सरळसरळ व्यावहारिक आहे. ५ नोव्हेंबर २००७ ला हॉलिवुडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि तो १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. पॉल हॅगिस यांनी संपाच्या तोंडावर आपला मसुदा दिला, पण त्यावर पुढचे काम करायला लेखक नव्हता, आणि जानेवारीत चित्रीकरण सुरू करणे भाग होते. आपण आणि दिग्दर्शक मार्क फोर्स्टर यांनीच प्रसंग जुळवत नेले असे क्रेग यांनी नंतर मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले, आणि आपण लेखक नाही हेही सांगितले.

उणीव दिसतेच. खलनायक डॉमिनिक ग्रीन आणि बोलिव्हियाचा पदच्युत जनरल मेद्रानो यांच्यातला सौदा, अमेरिकन अधिकाऱ्यांचा त्यातला हात, लंडनच्या मंत्र्यांची भीती, हे सगळे एवढ्या घाईत सांगितले आहे की दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय धागा लागत नाही. माझ्या सबटायटलमध्ये मी दोन ठिकाणी सर्वनामाऐवजी माणसाचे नाव घातले, तेवढीच मदत करता येते. मात्र ज्या प्रसंगात दोन माणसे समोरासमोर बसतात, तिथे हीच काटकसर उपयोगी पडली आहे. बाँडला आपली प्रेयसी व्हेस्पर आधीच्या चित्रपटात व्हेनिसमध्ये बुडून मेल्याचे दुःख आहे. तो ते एकदाही बोलून दाखवत नाही, कारण ते दाखवणारा संवाद लिहायला कोणी नव्हते, आणि न लिहिलेला तो संवाद मला लिहिलेल्याहून खरा वाटतो. एखादा लेखक हजर असता तर त्याने बाँडला खिडकीशी उभे करून चार वाक्ये नक्की बोलायला लावली असती.

१९ जून

शीर्षकाचे भाषांतर करावे की नाही यावर आज बराच वेळ गेला. इयन फ्लेमिंगच्या ज्या कथेचे हे नाव आहे ती १९६० च्या संग्रहात आहे आणि तिच्यात बाँड जवळजवळ काहीच करत नाही. नासाऊला जेवणानंतर गव्हर्नर त्याला एका बिघडलेल्या लग्नाची गोष्ट सांगतात. त्यांचे म्हणणे असे की दोन माणसांत माणुसकीचा आणि दिलाशाचा किमान अंश शिल्लक असेल तोवर नाते तगते. तो शून्यावर आला की सगळे संपते. चित्रपटाने कथेतले काहीच घेतले नाही, नाव तेवढे घेतले, आणि ‘क्वांटम’ हे नाव वर खलनायकांच्या संघटनेलाही देऊन टाकले.

‘दिलाशाचा कण’ हे भौतिकशास्त्राकडे जाते, ‘सांत्वनाचा अंश’ शोकसभेकडे. बाईंनी ‘दिलाशाची मात्रा’ सुचवले आणि ते मला फार आवडले, कारण मात्रा म्हणजे वैद्याने सहाणेवर उगाळून द्यायची तीही, आणि ती कमी पडली तर रोगी जातो. पण संघटनेचे नाव संवादांत ‘क्वांटम’ असेच येते आणि शीर्षक बदलले तर तो दुवा तुटतो. पडद्यावर मूळ नाव देवनागरीत, आणि टिपणात ‘दिलाशाची मात्रा’ व तिची गोष्ट.

तांत्रिक: प्लेअरमध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढत होते, आणि ‘क्वांटम’मधला क्व फुटून पाय मोडलेला क आणि वेगळा व असा दिसत होता. फॉन्ट बदलला, ओळींतले अंतर वाढवले. आता क्व नीट जुळतो.

२३ जून

ब्रेगेंझचा ऑपेरा. ऑस्ट्रियातल्या कॉन्स्टान्स सरोवरावर पाण्यात उभारलेला भव्य रंगमंच, त्यावर एक प्रचंड डोळा, आणि पुच्चिनीचा ‘तोस्का’. क्वांटमचे सभासद प्रेक्षागृहात विखरून बसले आहेत आणि कानातल्या यंत्रांतून बैठक चालवत आहेत. बाँड एकाचे यंत्र मिळवतो, थोडा वेळ ऐकतो आणि मग त्याच वाहिनीवर शांतपणे सुचवतो की मंडळी, भेटायला तुम्ही जरा बरी जागा शोधावी. घाबरलेले लोक उठून चालू लागतात आणि बाँड त्यांचे चेहरे टिपतो. उठत नाही तो एकटा मिस्टर व्हाइट, कारण त्याला कळते की उठणे म्हणजेच पकडले जाणे. शेजारणीला तो म्हणतो: “तोस्का सगळ्यांनाच मानवत नाही.” ‘आवडत नाही’ लिहिले होते, ‘मानवत नाही’ केले. पथ्याच्या भाषेत हे वाक्य जास्त तिरके लागते.

गायनाला सबटायटल द्यायचे नाही असे ठरले. त्यानंतरच्या गोळीबारात फोर्स्टर यांनी गोळ्यांचे आवाज जवळपास काढून टाकले आहेत. रंगमंचावरचे खून आणि उपाहारगृहातले खून एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येते ते फक्त पुच्चिनी. इथेही तुकडे तितकेच आखूड आहेत, सुरुवातीच्या पाठलागाइतकेच, पण इथे त्रास होत नाही. संगीत एकसलग वाहत असल्याने डोळ्याला धरायला दोरी मिळते, आणि कोण कुठे आहे हे कळण्याची गरज उरत नाही. म्हणजे दोष वेगाचा नव्हता. पाठलागांत वेगाखाली धरून ठेवणारे काही नव्हते, एवढेच. संपूर्ण चित्रपट या पाच-सात मिनिटांसारखा कापला असता तर आज आमच्या बैठकीत कुरकुर झाली नसती.

२६ जून

विमानातला बार. या कामातला माझा सर्वांत आवडता प्रसंग. रात्र आहे, बाकी प्रवासी झोपलेले आहेत, बाँड एकटा पीत बसला आहे आणि मातीस येऊन विचारतो की काय पितो आहेस. बाँड म्हणतो, मला माहीत नाही, आणि बारवाल्यालाच विचारतो. तो बिचारा निष्ठेने कृती सांगतो: गॉर्डन्स जिनची तीन मापे, व्होडकाचे एक, किना लिलेचे अर्धे, बर्फासारखे गार होईतो हलवायचे आणि वर लिंबाच्या सालीचा पातळ काप. आणि सांगतो की साहेबांचे असे सहा झाले आहेत.

आधीच्या चित्रपटात बाँडने हेच पेय स्वतः शोधले होते आणि त्याला व्हेस्परचे नाव दिले होते. इथे नाव कोणी घेत नाही. तिचे नाव विसरल्याचे सोंग करणारा माणूस सहा पेले पितो आणि परका बारवाला त्याच्यासमोर तिची कृती वाचून दाखवतो. क्रेग त्या वेळी काहीच करत नाहीत. पेल्याच्या बुडाशी बोट फिरत राहते, डोळे वर येत नाहीत.

बारवाल्याचे बोलणे भराभर आहे आणि मापे सगळी मराठीत आणायची तर तीन ओळी लागतात. मी ‘पातळ काप’ गाळला, ‘अर्धे’ ठेवले. प्रेक्षकाला कृती समजली नाही तरी चालेल, ती कोणीतरी पाठ केलेली आहे एवढे समजले पाहिजे.

२८ जून

मातीसचे मरण. रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतात, डिकीत मारहाण केलेला मातीस सापडतो, गोळीबार होतो आणि मातीस बाँडच्या हातांत मरतो. मरताना व्हेस्परबद्दल बोलतो. मी लिहिले: “तिला माफ कर. स्वतःलाही माफ कर.” बाईंनी ‘क्षमा कर’ सुचवले, जे शुद्ध आहे. पण जियानकार्लो जियानिनी ते वाक्य तुटत्या श्वासात म्हणतात, आणि क्ष उच्चारायला लागणारा जोर त्या श्वासात नाही. ‘माफ’ राहिले.

मग बाँड त्याचे प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकतो आणि त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो. कमील विचारते की मित्रांना असे वागवता का, तर बाँड म्हणतो: “त्याला काही वाटलं नसतं.” अनेकांना हा प्रसंग क्रूर वाटला आणि तो आहेही. मला मात्र इथे बाँडचे दुःख सर्वांत जवळून दिसते. हा माणूस कोणाचे अंत्यसंस्कार करण्याच्या स्थितीतच नाही. थांबला तर कोसळेल. मूळ संवादात प्रेताबद्दल आदरार्थी किंवा साधे असा भेद नाही. मराठीत मी जिवंत मातीसला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या बाँडच्या तोंडी मेलेल्या मातीससाठी ‘त्याला’ घातले. बाईंनी ते वाचले, चष्मा काढला, आणि काही बदल सुचवला नाही.

१ जुलै

फील्ड्स. जेमा आर्टर्टन यांच्या वाट्याला आलेली ही भूमिका अर्धवट आहे. बाँडला परत पाठवायला आलेली दूतावासातली कनिष्ठ अधिकारी थोड्याच वेळात त्याच्या खोलीत, आणि मग मरून पलंगावर, अंगभर काळे तेल. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधल्या सोनेरी प्रेताची ही सरळ आठवण आहे. मला ती उसनवारी आवडत नाही, कारण इतक्या रुक्ष चित्रपटात ती सजावटीसारखी दिसते. पण कथेत तिला काम आहे हेही खरे, सगळ्यांनी तेलाकडे बघत राहावे म्हणून ते तेल आहे. तिचे पहिले नाव स्ट्रॉबेरी आहे हे पडद्यावर कोणी उच्चारत नाही, श्रेयनामावलीत फक्त येते. नावाची कोटी वाचवल्याबद्दल मी निर्मात्यांचा ऋणी आहे.

त्याआधीचा हॉटेलचा विनोद मात्र चांगला आहे. गळक्या हॉटेलाऐवजी बाँड तिला आलिशान हॉटेलात नेतो आणि स्वागतकक्षात स्पॅनिशमध्ये सांगतो की आम्ही दीर्घ रजेवरचे शिक्षक आहोत आणि नुकतीच आम्हाला लॉटरी लागली आहे. बाई यावर मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, लॉटरीचा भाग अगदी आवश्यक आहे.

५ जुलै

पाणी. आज या नोंदीला वेळ लागणार आहे.

बाँड आणि कमील विमानातून उडी मारून एका खोल खळग्यात पडतात (ती उडी खऱ्या आकाशात केलेली नाही हे दिसते, ती माफ करण्याजोगी नाही) आणि तिथे, वाळवंटाच्या पोटात, त्यांना अडवलेले पाणी सापडते. ग्रीनने जमिनीखालचा प्रवाह बांध घालून रोखला आहे. जगाला तो तेल शोधतो आहे असे वाटते. त्याला हवे आहे ते पाणी. पुढे तो मेद्रानोला सांगतो की बोलिव्हियाच्या साठ टक्क्यांहून अधिक पाणीपुरवठ्याची मालकी आता आमच्याकडे आहे, आणि यापुढे ते दुप्पट दराने घ्यावे लागेल.

२००८ मध्ये यावर हसू झाले होते. जग उडवून देण्याच्या धमक्या देणाऱ्यांच्या रांगेत हा एक माणूस, आणि त्याचा कट काय, तर पाणीपट्टी वाढवणे. पण हे हवेतून आलेले नव्हते. बोलिव्हियातल्याच कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा एका बहुराष्ट्रीय गटाकडे सोपवल्यावर दर एकदम वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. मात्यू आमाल्रिक यांच्या ग्रीनला ना चेहऱ्यावर व्रण आहे, ना लोखंडी दात. तो पर्यावरणाच्या नावाने देणग्या गोळा करतो, हसतो, आणि सही करायला पेन पुढे करतो. मिळमिळीत म्हणतात ते यालाच. मला वाटते पाणी विकणारा माणूस असाच दिसणार.

आमच्या प्रेक्षकांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर आले. खळग्यातून वर आल्यावर बाँड आणि कमील ज्या वस्तीतून चालतात तिथे लोक कोरड्या नळाभोवती भांडी घेऊन उभे आहेत. तिथे संवाद नाही. मी तिथे कसलीही ओळ टाकलेली नाही.

एक उशिरा सुचलेली गोष्ट: चित्रपटात पाणी पहिल्यापासून आहे. सिएनाच्या शहराखालचे जुने जलमार्ग, हैतीचे बंदर, ब्रेगेंझचे सरोवर, हा बांध, मग कोरडे वाळवंट, शेवटी बर्फ. आणि या सगळ्याच्या मागे व्हेनिसच्या पाण्यात बुडालेली बाई. फोर्स्टर यांनी मोठे प्रसंग पृथ्वी, आप, वायू, तेज या चार तत्त्वांवर बेतल्याचे सांगितले होते. मला ते ऐकून कृत्रिम वाटले होते. ओळी लिहिताना चारांपैकी एकच तत्त्व सारखे परत येत राहिले.

८ जुलै

स्थळनामांचे काम. प्रत्येक शहराचे नाव पडद्यावर वेगळ्या वळणाच्या अक्षरांत येते. ती मांडणी एमके१२ या संस्थेची. ती झाकली जाऊ नयेत म्हणून मराठी नावे वरच्या कडेला टाकली. ‘बोलिव्हिया’ असे जिथे लिहिले आहे तिथे बराच भाग चिलीच्या वाळवंटातला आहे. यावरून चित्रीकरणाच्या वेळी सिएरा गोर्दाचे महापौर इतके संतापले की गाडी घेऊन थेट सेटवर शिरले. तो प्रदेश १८७९ ते १८८४ च्या युद्धात चिलीने बोलिव्हियाकडूनच घेतला होता. त्यामुळे तिथे ‘बोलिव्हिया’ची पाटी लावणे ही क्षुल्लक बाब नव्हती.

१० जुलै

वाळवंटातले हॉटेल. बाहेरून दिसते ती इमारत सेरो पारानालच्या वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांचे निवासस्थान आहे. रात्रीच्या आकाशात उजेड जाऊ नये म्हणून ती जमिनीत अर्धी पुरलेली आहे. पेटते ते अर्थात स्टुडिओतले.

कमीलच्या कुटुंबाला मारून मेद्रानोने घर पेटवले होते तेव्हा ती लहान होती. आता त्याला मारून ती पुन्हा आगीत अडकते आणि कोपऱ्यात थिजून बसते. बाँड तिला जवळ घेतो, पिस्तूल हातात आहे. जळून मरण्याआधी तो तिला गोळी घालणार हे दोघांनाही कळलेले असते. मग त्याला बाहेर पडायचा मार्ग दिसतो. ‘तू’ इथे आला. एकच ओळ, एक सेकंद आणि काही फ्रेम.

आणि त्यानंतर, गाडीत, ती विचारते की आता आपली माणसे शांत झोपतील का. “मेलेल्यांना सूडाशी देणं-घेणं नसतं.” ही ओळ पहिल्याच प्रयत्नात आली आणि तशीच राहिली.

१३ जुलै

रशियातले कझान. व्हेस्परला ज्याने फसवले तो युसेफ आता एका कॅनडियन मुलीला तसाच गळ्यातला दागिना देऊन फसवतो आहे. बाँड त्याला मारत नाही. बाहेर बर्फात एम उभी आहे. ती म्हणते की मला तू परत हवा आहेस. उत्तराला माझ्याकडे दोन पर्याय होते: “मी कुठे गेलो होतो?” आणि “मी गेलोच नव्हतो.” पहिला बोलीला धरून आहे आणि बाईंना तोच हवा होता, पण त्यात तक्रार येते, थोडा रुसवा येतो. क्रेग ते सपाट म्हणतात. दुसरा ठेवला. मग व्हेस्परचा दागिना बर्फात पडतो, आणि बंदुकीच्या नळीची खूण, जी या मालिकेत बहुधा सुरुवातीला असते, ती इथे पहिल्यांदा शेवटी येते. त्या दोन्ही ठिकाणी ओळ नाही.

२० जुलै

काल शाळेच्या सभागृहात खेळ झाला. सुरुवातीच्या पाठलागात मागच्या रांगांत चुळबुळ झाली, जी अपेक्षितच होती, आणि छपरावरच्या पाठलागात कोणीतरी मोठ्याने विचारले की यातला आपला कोणता. फुलवाल्यांच्या ओळीला हशा मिळाला. कोरड्या नळाच्या ठिकाणी सभागृह इतके शांत झाले की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बारच्या प्रसंगात ‘सहा’ हा आकडा बारवाल्याने म्हणायच्या आधीच पडद्यावर आला आणि गंमत फुटली. ती ओळ दोन तुकड्यांत तोडली, दुसरा तुकडा अठरा फ्रेम पुढे सरकवला. दुरुस्त फाइल बाईंकडे पाठवली आहे.